डोस वाढवण्याआधी गोळ्यांची तारीख विचारा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात नुकताच दवाखाना सुरू केलेल्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न असा आहे: रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे रुग्ण महिन्याच्या महिन्याला येतात, गोळ्या रोज घेतो असे सांगतात, तरीही रीडिंग खाली येत नाही. अशा वेळी शेजारच्या औषध दुकानदाराची काही मदत घेता येईल का, की त्याने डॉक्टरांच्या कामात लुडबूड केल्यासारखे होईल?

मी फार्मासिस्ट आहे. बेळगाव शहरातल्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात ७ वर्षे आणि त्यानंतर तालुक्याच्या गावी स्वतःच्या दुकानात १९ वर्षे काढली आहेत, त्यामुळे हे उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूने लिहिलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

डॉक्टर, तुमच्याकडे रुग्णाचे रीडिंग असते आणि माझ्याकडे त्याच्या खरेदीची तारीख असते. रक्तदाब १७० आहे हे तुम्हाला दिसते; पण ३० गोळ्यांचे औषध घेऊन गेलेला माणूस पुन्हा कधी आला, हे फक्त मला दिसते. ३ जूनला ३० गोळ्या नेलेला रुग्ण २८ जुलैला पुन्हा काउंटरवर उभा राहिला, तर ५५ दिवसांत त्याच्याकडे ३० गोळ्या होत्या, एवढे सांगायला वैद्यकशास्त्र लागत नाही. हे दोन आकडे एकाच कागदावर कधी येत नाहीत, हीच खरी अडचण आहे. तुम्ही रीडिंग पाहून डोस वाढवता, मी वाढवलेल्या डोसची चिठ्ठी पाहून औषध देतो, आणि पहिलाच डोस पोटात जात नव्हता ही गोष्ट आपल्या दोघांच्या मधल्या रस्त्यावर पडून राहते.

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे मला एका यंत्रमाग कामगाराने शिकवले. वय पन्नाशीच्या पुढचे, स्वभाव अतिशय नम्र, डॉक्टरांनी विचारले की उत्तर ठरलेले, "घेतलोय की ओ, रोज घेतोय." रीडिंग काही उतरेना, म्हणून वर्षभरात त्यांची एक गोळी दोन झाली आणि दोनाच्या तीन झाल्या: टेल्मिसार्टन ८०, ॲम्लोडिपिन १० आणि वर लघवी वाढवणारे क्लोरथॅलिडोन. प्रत्यक्षात हे गृहस्थ डोके जड वाटेल त्या दिवशी गोळी घेत आणि बरे वाटले की ठेवून देत. पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ते शहरात दाखल झाले. तिथल्या सिस्टरने केस पेपरवर लिहिलेली तिन्ही औषधे वेळच्या वेळी, न चुकता दिली, म्हणजे तिने तिचे काम चोख केले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाथरूमला जायला उठले आणि दारातच कोसळले. रक्तदाब इतका खाली गेला होता की शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. त्यांचा मुलगा नंतर माझ्याकडे भांडायला आला, तेव्हा मी वही उघडली. वर्षभरात त्यांनी माझ्याकडून नेलेल्या गोळ्या चार महिन्यांनाही पुरल्या नसत्या. वही माझीच होती, अक्षर माझेच होते, आणि वर्षभर मी ती बेरीज केली नव्हती. तेव्हापासून दीर्घ आजाराच्या प्रत्येक रुग्णाचे वहीत एक स्वतंत्र पान आहे: नाव, गाव, औषध, नेलेल्या गोळ्या, तारीख. त्यापलीकडे त्यात काही नसते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर हे, की डोस वाढवण्याआधी किंवा नवे औषध जोडण्याआधी रुग्णाने मागच्या गोळ्या कधी आणि किती नेल्या, हे विचारण्याचा नियम स्वतःला घालून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये या विषयावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे नीट घेतात असे म्हटले होते. आपल्याकडचे लोक त्यांच्याहून बेजबाबदार आहेत असे मानायचे कारण नाही. आणि त्यांच्याहून शहाणे आहेत असेही नाही.

मात्र या तारखेचा वापर जपून करावा लागतो. नेलेली गोळी म्हणजे घेतलेली गोळी नव्हे. शिवाय रुग्ण कधी सिव्हिलमधून, कधी प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट गोळ्या घेतो, कधी पुण्यात किंवा गोव्यात नोकरीला असलेला मुलगा ऑनलाइन मागवून देतो, आणि मग माझ्या वहीतली रिकामी जागा खोटी ठरते. म्हणून तारीख हा आरोपाचा पुरावा नसून प्रश्न विचारायचे निमित्त आहे. तो प्रश्नही "गोळ्या घेता ना?" असा नसावा, कारण त्याला आपल्या भागात "व्हय" याशिवाय दुसरे उत्तर नाही, डॉक्टरांसमोर नाही म्हणणे हा लोकांना उद्धटपणा वाटतो. "गेल्या आठ दिवसांत किती वेळा गोळी राहून गेली?" असे विचारले की राहून जाणे गृहीत धरले जाते आणि माणूस मोकळा होतो. बोटे मोजून सांगतो, "तीनदा राहिली असेल." घरातली सगळी पाकिटे घेऊन यायला सांगणे हा त्याहून खात्रीचा मार्ग आहे.

ही पाकिटे मी काउंटरवर पसरतो तेव्हा सीमाभाग म्हणजे काय ते कळते. आपला रुग्ण एका डॉक्टरांचा नसतो. हृदयासाठी तो मिरजेला किंवा कोल्हापूरला जाऊन येतो, साखरेसाठी बेळगावला, ताप-खोकल्यासाठी गावातल्या दवाखान्यात, आणि चंदगड किंवा गडहिंग्लजला लेक दिली असेल तर तिच्या घरी मुक्काम असताना तिथल्याही एका डॉक्टरांना दाखवून येतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांपर्यंत नेण्याचे ठरवले, तेव्हापासून पलीकडे उपचार घ्यावेत का, ही विचारणा काउंटरवरही होऊ लागली आहे. पलीकडच्या रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद इकडच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतोच असे नाही. परिणामी एकाच पिशवीत तीन वेगवेगळ्या नावांची तीन पाकिटे निघतात आणि तिन्हींत टेल्मिसार्टन असते, एकात एकटे, दुसऱ्यात ॲम्लोडिपिनसोबत, तिसऱ्यात हायड्रोक्लोरोथायझाइडसोबत. वडगावच्या एका मावशी अशा तिन्ही गोळ्या मनोभावे घेत होत्या. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून त्यांनी कानाच्या डॉक्टरांना दाखवले होते आणि चक्करेची चौथी गोळी सुरू झाली होती. मावशींची काहीच चूक नव्हती. प्रत्येक डॉक्टरांनी जे सांगितले ते त्या तंतोतंत पाळत होत्या. औषध न घेणाऱ्या रुग्णाबद्दल आपण खूप बोलतो, पण सगळेच घेणारा रुग्ण मला अधिक भीतीदायक वाटतो.

इथे फार्मासिस्टचा उपयोग अगदी साधा आहे. ब्रँडचे नाव काहीही असो, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेले घटक वाचणे हे आमचे रोजचे काम आहे. तुम्ही चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव स्पष्ट अक्षरात लिहिलेत, तर हे काम निम्म्याने हलके होते. मेडिकल कौन्सिलने २०१६ च्या दुरुस्तीत जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे असे म्हटलेलेच आहे. पण त्याहून महत्त्वाची एक ओळ चिठ्ठीवर हवी आणि ती फार क्वचित दिसते: कोणते औषध बंद केले. नवे औषध लिहिताना जुने बंद केल्याचे तुम्ही तोंडी सांगता, रुग्ण घरी जाईपर्यंत विसरतो, आणि जुनी चिठ्ठी देवघरातल्या फोटोमागे जपून ठेवलेली असल्यामुळे ती पुढच्या महिन्यात पुन्हा माझ्याकडे येते. "अमुक गोळी बंद" असे लिहून दिलेत, तर मी जुन्या चिठ्ठीवर ते देणार नाही.

भाषेचा प्रश्न तुम्हाला खानापूर तालुक्यात पहिल्याच महिन्यात जाणवला असेल. चिकोडी, अथणीकडे बहुतेकांना मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा येतात. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला मराठीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या म्हाताऱ्या बायका आजही आहेत, आणि सरकारी दवाखान्यातली सिस्टर कित्येकदा धारवाड किंवा विजापूरकडची असते. एका आज्जींना मेटफॉर्मिनची गोळी देताना सिस्टरने चांगल्या मनाने, हळू आवाजात सांगितले, "ऊटा आद म्याले." कन्नडमध्ये ऊटा म्हणजे जेवण, जेवण झाल्यावर घ्या, असा त्याचा अर्थ. आज्जींच्या कानाने त्यात ऊठ एवढेच ऐकले. उठल्या उठल्या, चहाच्या आधी, अनाशापोटी त्या ती गोळी घेऊ लागल्या. मळमळ सुरू झाली, पाचव्या दिवशी त्यांनी गोळी टाकून दिली आणि "साखरेची गोळी मला सोसत न्हाई" असे सगळीकडे सांगू लागल्या. त्यांच्या केस पेपरवर मेटफॉर्मिन सोसत नाही अशी नोंद झाली असती, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरांनी ती खरी मानून महागडे औषध लिहिले असते. मी त्यांना फक्त विचारले, "आज्जी, गोळी कवा घेता?" तीच गोळी जेवणानंतर सुरू केली, पहिले पंधरा दिवस अर्ध्या डोसने, आणि तेही तिथल्या डॉक्टरांना फोन करून, त्यांच्या संमतीने. आज्जी अजून ती घेत आहेत.

तेव्हापासून मी रुग्णाकडून वदवून घेतो: "आता घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगणार, ते मला सांगा." रुग्ण स्वतःच्या शब्दांत सांगतो तेव्हा त्याला काय कळले ते समजते, आपण सांगितले आणि त्याने मान डोलावली, यावरून काहीच समजत नाही. तुम्ही हे प्रत्येक रुग्णासोबत करावे अशी अपेक्षा नाही, बाहेर चाळीस लोक बसलेले असतात हे मला ठाऊक आहे. हे काम आमच्याकडे सोपवा. चिठ्ठीच्या कोपऱ्यात "समजावून द्यावे" एवढे लिहा, म्हणजे हा रुग्ण कच्चा आहे हे मला कळते.

१-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, या खुणेवर आपण सगळेच फार विश्वास टाकतो. ती खूण आपल्याला वाचता येते, रुग्णाला नाही. मराठी शाळेत दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला इंग्रजीतला नऊचा आकडा आपल्या एकासारखा दिसतो, त्यामुळे पाकिटावर इंग्रजी आकड्यात रात्री नऊ लिहिले तर ते रात्री एक असे वाचले जाते. एका काकांनी त्यासाठी गजर लावला होता! मी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढतो, आणि रात्री हा शब्द लिहितो, कारण तो मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे.

पण ज्या औषधात चूक झाली तर माणूस जातो, तिथे कुठलीही खूण पुरत नाही. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीव धोक्यात येतो. आपल्या लोकांची सवय गोळी म्हणजे रोज अशी आहे. म्हणून चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असे न लिहिता वार लिहावा, आणि तो वार रुग्णाच्या गावच्या बाजाराचा असावा असे मी सुचवतो. बाजाराचा दिवस खेड्यातले कोणी विसरत नाही. सोबतचे फॉलिक ॲसिड वेगळ्या वारी लिहावे. मी हे औषध चार आठवड्यांच्या हिशेबापेक्षा एकही गोळी जास्त देत नाही, मग रुग्ण कितीही लांबून आलेला असो. आणि त्यावर कोणी रागावले तर रागावू देतो.

इन्सुलिनबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथली चूक डॉक्टरांच्या खोलीत कधीच दिसत नाही. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिटचे मिळते, आणि पेनच्या कार्ट्रिजमधले १०० युनिटचे असते. सिरिंजही दोन प्रकारच्या आहेत: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर अंगात २० नव्हे, ८ युनिट जातात. साखर उतरत नाही, तुम्ही डोस वाढवता, आणि एक दिवस दुकानात योग्य सिरिंज मिळाली की तोच वाढवलेला डोस पुरा अंगात जातो. उलट प्रकार तर अधिक वाईट: पेन बिघडले म्हणून १०० च्या कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर ५० युनिट जातात. तेव्हा चिठ्ठीवर इन्सुलिनच्या नावासोबत ४० की १०० हे लिहा आणि सिरिंजही त्याच ओळीत लिहा. आमच्या बाजूने नियम असा, की बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा रुग्णाला दाखवल्याशिवाय पिशवीत घालायची नाही. साठवणीबद्दल एवढेच, की न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरातली बहुतेक इन्सुलिन घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलभागात चार-चार दिवस वीज नसते, तिथे ओल्या वाळूत ठेवलेले मडके चांगले काम देते. दम्याचा पंप आणि पूड श्वासातून ओढायची रोटाकॅप यांचेही असेच आहे. रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मला आजही भेटतात, आणि दोष गोळीसारख्या दिसणाऱ्या कॅप्सूलचा आहे, त्यांचा नाही.

उपवास हा आपल्या रुग्णांच्या औषधपत्रिकेचा भाग आहे असे मानूनच चालावे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, आणि मुसलमान रुग्णांचा रमजान. "उपवास करू नका" असे सांगितलेले कोणी ऐकत नाही. फक्त पुढच्या वेळी उपवास करतो हे सांगणे बंद होते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन दिवसभर साबुदाण्याच्या दोन घासांवर काढणाऱ्या बाईला संध्याकाळी घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि घरचे म्हणतात, अंगात आले. मेटफॉर्मिनचा धोका त्या मानाने कमी. म्हणून ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन लिहिताना उपवासाच्या दिवशी काय करायचे, ते तुम्ही त्याच चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवावे, म्हणजे मला ते समजावता येते. स्वतःच्या अधिकारात मी ते सांगू शकत नाही आणि सांगूही नये. वारीचेही तसेच. अंकलीहून माऊलींचे अश्व आळंदीकडे निघाले, की आमच्याकडच्या वारकऱ्यांची तयारी सुरू होते. त्या आठवड्यात मी वहीतली वारकऱ्यांची पाने काढतो आणि महिन्याभराच्या गोळ्या दोन भागांत बांधून देतो, एक भाग पिशवीत आणि एक सोबत्याकडे, कारण पावसात एक तरी पिशवी भिजतेच. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्याची साखर खाली येऊ शकते, तेव्हा निघण्याआधी त्यांनी तुम्हाला भेटावे असे मी सुचवतो. बरेच जण भेटतात.

एक माहिती तर केवळ आमच्याकडेच असते आणि ती सांगताना मला थोडी लाजही वाटते. तुमच्या चिठ्ठीत नसलेली औषधे आमच्याच काउंटरवरून जातात. उसाच्या तोडणीच्या दिवसांत, भाताच्या लावणीच्या दिवसांत अंगदुखीची गोळी भाकरीसारखी खपते. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध घेणारा माणूस त्यावर रोज डायक्लोफिनॅक घेऊ लागला, की एकतर रक्तदाब हटत नाही, नाहीतर मूत्रपिंडावर घाव पडतो; उन्हात राबताना पाणी कमी पडले तर हे फार लवकर होते. मूत्रपिंडाच्या तपासणीतले क्रिएटिनिन वाढलेले तुम्हाला दिसेल, कारण माझ्या गल्ल्यात असेल. रक्त पातळ करणारे ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन चालू असलेल्यांच्या बाबतीत तर वेदनाशामकाची एक पट्टीही रक्तस्राव घडवू शकते. अशा रुग्णांची यादी तुम्ही दुकानाला दिलीत, तर त्यांना चिठ्ठीशिवाय वेदनाशामक द्यायचे नाही एवढे तरी आम्ही पाळू शकतो. आमच्यातले सगळे पाळतील असे मी म्हणणार नाही.

पैशाचा विषय टाळून चालत नाही. "पाच दिवसांच्या द्या" असे सांगणारा रुग्ण सहाव्या दिवशी परत येत नाही. त्याला नियमितपणाचे व्याख्यान देण्यापेक्षा, तीन ब्रँडेड औषधांऐवजी तीच औषधे जेनेरिकमध्ये महिन्याला केवढ्यात बसतील, हे मी तुम्हाला कळवू शकतो आणि तुम्ही चिठ्ठी बदलू शकता. चिठ्ठीवरचा ब्रँड परस्पर बदलण्याचा मला अधिकार नाही. बदल झाला तर गोळीचा रंगही बदलतो, हे मात्र रुग्णाला दोघांनीही सांगावे लागते. सरकारी पुरवठ्यात दर निविदेला कंपनी बदलते. गुलाबी गोळी पांढरी झाली, की लोक औषध बदलले किंवा हलके दिले असे समजून ती घेत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नातला नाजूक भाग. डॉक्टर आणि मेडिकलवाला एकत्र आले म्हटले की आपल्या समाजाला एकच गोष्ट आठवते, आणि ती आठवण निराधार नाही. कमिशन घेणे-देणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्टपणे निषिद्ध आहे, तरी तो संबंध किती ठिकाणी कसा चालतो हे आपण दोघेही जाणतो. त्यामुळे हे काम करायचे तर रुग्णाला कुठल्याही एका दुकानात जायला सांगू नका. तो जिथून औषध घेतो, तिथल्या फार्मासिस्टशी बोला, मग तो तुमच्या इमारतीतला असो की तीन किलोमीटरवरचा. लुडबुडीच्या शंकेबद्दल म्हणाल, तर फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांनुसार औषध देताना रुग्णाला डोस, घ्यायची पद्धत, दुष्परिणाम, साठवण, डोस चुकल्यास काय करावे, हे समजावणे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्यच आहे. म्हणजे तुम्ही मला माझे काम सांगत आहात. तुमचे काम मी मागत नाही. अडचण अशी, की अनेक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि काउंटरवर दहावी झालेला पोरगा असतो. आमच्या व्यवसायाचे हे दुखणे आमचेच आहे.

गुप्ततेची काळजी तुमच्याइतकीच मलाही आहे. छोट्या गावात कोण कोणती गोळी घेतो हे दुपारपर्यंत गावभर होते. मानसिक आजार, क्षय, फिट्स यांच्या गोळ्यांबद्दल मी काउंटरवर मोठ्याने एक शब्द बोलत नाही. पाकीट कागदात गुंडाळून देतो आणि समजावायचे असेल तर आतल्या बाकावर बसवतो. तुम्ही रुग्णाला आधी विचारा, "तुमच्या औषधांबद्दल मेडिकलवाल्यांशी बोललो तर चालेल का?" नाही म्हणाला तर विषय संपला. फिट्सच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र उशीर परवडत नाही, कारण त्या अचानक थांबल्या तर झटके उसळून येतात. तिथे तारीख उलटून तीन दिवस झाले की मी स्वतः रुग्णाच्या घरी फोन करतो, आणि त्याची परवानगी सुरुवातीलाच घेऊन ठेवतो.

सुरुवात छोटी करावी. रक्तदाब, साखर, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे आणि फिट्स, एवढ्याच रुग्णांपुरती. फोनची एक वेळ ठरवून घ्या, कारण गर्दीच्या वेळी आलेला माझा फोन तुम्हाला त्रासाचा वाटेल आणि तुमचा मला. आमच्याकडे दुपारी दोन ते साडेतीन शांतता असते. सांगण्याजोगे काय, तेही आधी ठरलेले असू दे: एकाच औषधाची दोन पाकिटे, पंधरा दिवसांहून लांबलेली खरेदी, नवा दुष्परिणाम, चिठ्ठीत न लिहिलेले वेदनाशामक. आणि पहिल्या भेटीत दुकानदाराला दुसरे काही विचारण्याआधी हे विचारा, की नोंदणीकृत फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर किती वाजता असतो. इन्सुलिन आणि मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी असलेल्या रुग्णांना त्याच वेळेत जायला सांगा.